गेनूतात्यांची धनगरकाळी

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्यातला बहुतेक माझ्याच अंगलट आला, म्हणून त्याचं फारसं वाईट वाटत नाही. एकच असा आहे की तो दुसऱ्याला भोवला. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला भली बाई समजायचा धोका उरणार नाही.

तेव्हा मी चौतीस वर्षांची. पिंपरी पेंढारच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे, घरची तीन एकर बिनबियांच्या द्राक्षाची बाग, आणि नुकतंच नारायणगावला बागायतदारांचं तीन दिवसांचं शिबिर करून आलेली. त्यातला एक दिवस नावं नोंदवण्यात गेला, एक जेवणात. उरलेल्या एका दिवसात मला द्राक्षातलं सगळं कळलं. शिबिरात मिळालेली प्लास्टिकची फाईल काखेत धरून मी मळ्यात हिंडायची. आमचे हे म्हणायचे, वेलींची हजेरी घेते की काय ही. त्याच दिवसांत, शेजारचे गेनूतात्या आठ दिवस गावाला गेलेले असताना, त्यांच्या मांडवावरच्या एकुलत्या एका जुन्या वेलीचे सगळे घड मी त्यांना न विचारता जीएच्या पाण्यात बुडवले. एकदा नाही, दोनदा.

जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध. बारीक पूड असते. ती पाण्यात कालवायची, प्लास्टिकच्या मगात घ्यायची आणि तो मग घडाखाली धरून वर उचलायचा, की घड आत बुडून न्हाऊन निघतो. आमच्याकडे डिसेंबरात बायांच्या टोळ्या दिवसभर हेच करतात. बिनबियांच्या द्राक्षाला ते लागतं, नाहीतर मणी बारीकच राहतो. तात्यांची वेल बियांची होती. बियांच्या वेलीला ते सोसत नाही, हे शिबिरात बहुधा जेवणाच्या दिवशी सांगितलं असावं.

गेनूतात्या धनगर. आजा-पणजा मेंढरं घेऊन मुलूख हिंडायचे. तात्यांच्या वाट्याला एक एकर रान, एक विहीर आणि तीसेक मेंढरं एवढं उरलं होतं. एका जागी राहायला लागून त्यांना कैक वर्षं झाली होती, पण चाल हिंडणाऱ्याचीच राहिली. कुणाच्या बरोबरीने चालणं त्यांना जमत नसे. सोबत निघालं की दहा पावलांत ते पुढे, आणि मधूनच मागे न बघता जिभेने टक्‌ असा एक आवाज काढायचे. मागचं जनावर येतंय ना, याची खात्री करून घ्यायचे. मी पदवीधर शिक्षिका, आणि तो आवाज आला की माझे पाय आपोआप भराभर पडायचे.

बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. एकदा रस्त्यात मला म्हणाले, "बाई, डाव्या पायाव भार देताय. घागर उचलू नगा आता." मला तिसरा महिना होता आणि तो आमच्या ह्यांनाही मी सांगितलेला नव्हता. घरी येऊन मी आरशात स्वतःचे पाय बघत बसले. मला काही दिसलं नाही.

सगळ्या गोष्टींचं माप त्यांच्याकडे मेंढरात असे. आमच्या घरी पहिला फ्रीज आला तेव्हा सगळी आळी बघून गेली. तात्यांनी दार उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "दोन कोकरं बसत्याल." बस, एवढंच. पुढची पंचवीस वर्षं त्या फ्रीजमध्ये काहीही ठेवताना मला आत दोन कोकरं दिसत असत.

आणि ती वेल. ती तात्यांच्या आज्याने आणली होती. मेंढरं दौलताबादच्या अंगाला गेली असताना कुणाच्या बागेत बसवली होती; लेंडीखतासाठी शेतकरी आपल्या रानात कळप बसवून घेतात. निघताना त्या बागवानाने खुशीने एक फांटी दिली. आज्याने ती ओल्या घोंगडीत गुंडाळली आणि वाटेत आपल्या वाट्याचं पाणी तिच्यावर शिंपडत इथवर आणली. एवढाच इतिहास. तिकडे तिला काय म्हणत, कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या गावात म्हणत धनगरकाळी.

मणी करवंदाएवढा, काळाभोर, जाड सालीचा, आत दोन-तीन बिया. पण नवल तिच्या गराचं होतं. कुठलंही काळं द्राक्ष सोलून बघा, आत हिरवट पांढरं निघतं. ही आतपर्यंत लाल. मुलं खाऊन शाळेत आली की वह्यांवर लाल बोटं उमटायची आणि मी ओरडायची. खायला ती गोड नव्हतीच. आंबट, तुरट, जीभ धरून ठेवणारी. बाजारात तिला कुणी विचारत नसे. तिचं काम बरणीत होतं.

तात्या त्याला रस म्हणत. दारू म्हटलेलं त्यांना खपत नसे. वाईन हा शब्द त्यांनी पुढे कधीतरी ऐकला, पण तो त्यांच्या तोंडी बसला नाही. महाशिवरात्रीच्या आसपास घड उतरवायचे. काशीवहिनी, म्हणजे तात्यांची बायको, ते परातीत हाताने चुरडायच्या. साली-बियांसकट सगळं चिनी मातीच्या मोठ्या बरणीत जायचं, वरून थोडा गूळ आणि धायटीची लाल फुलं. ही फुलं टाकली की रस आपोआप फसफसतो. ती आंबेगावच्या वरच्या डोंगरात मिळतात. तात्या त्यासाठी दर साली दोन दिवस चालत जात. एसटी जाते तिकडे, मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, फुलाला हिसके बसत्यात.

फडकं बांधून बरणी बाजरीच्या राशीत गळ्यापर्यंत पुरायची. मग रोज सकाळी तात्या गुडघे टेकून तिला कान लावत आणि "बोलतीय" असं सांगत. महिनाभराने एका सकाळी "गप झाली" म्हणत. मग फडकं सुटायचं.

वाटपाचा क्रम ठरलेला. पहिली पळी बिरोबाला. मग त्या साली व्यालेल्या मेंढ्यांना, प्रत्येकीला एक. मग गावातल्या बाळंतिणी. मग म्हातारी माणसं. आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर बाप्ये. त्यामुळे गावातल्या पुरुषांचं तात्यांविषयी मत फारसं बरं नव्हतं. माझ्या धाकटीच्या वेळेला वहिनी पितळी पेल्यात घेऊन आल्या. मी मुलांना दारूच्या दुष्परिणामांवर निबंध लिहायला लावणारी. मी तोंड फिरवलं. वहिनी म्हणाल्या, मेंढी बी येवढं नखरं करत न्हाई. मी प्यायले. आधी जांभळासारखा घसा धरला, मग लवंगेसारखं काहीतरी नाकात आलं, आणि मग बेंबीपाशी कुणी शेकलेली वीट ठेवावी तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी वहिनींची वाट बघत मी दाराकडे तोंड करून निजले होते.

एकदा कुणीतरी कागाळी केली की धनगर घरात दारू गाळतोय. एक जमादार चौकशीला आले. तात्यांनी सांगितलं, हे मेंढ्यांचं औषध आहे. जमादार म्हणाले, मग पाजून दाखव. तात्यांनी मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक उघडलं आणि सगळा कळप अंगणात आणला, कारण एकीला द्यायचं आणि बाकीच्यांना नाही हे त्यांना जमणारं नव्हतं. एकेका मेंढीचं तोंड वर धरून पळीपळीने पाजत राहिले. मेंढ्या ओठ चाटत पुन्हा रांगेत घुसायच्या, तात्या त्यांना ओळखून बाहेर काढायचे. जमादार बाजेवर बसून घाम पुसत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, माणसाला चालतं का. तात्यांनी त्यांच्या बुटांकडे बघून विचारलं, "घरी बाळंतीण हाय का?" जमादार लाजले. होती. जाताना त्यांच्या सायकलीला एक बाटली लटकली होती, आणि कागाळीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

असा हा माणूस. त्याला काळजी एकच. धनगरकाळीचा जीव एकाच खुंटावर होता. तसं तिची फांटी लावली की जगायची. तात्यांनी सात-आठ घरी रोपं करून दिली होती. कुणी दोन वर्षांनी उपटलं, कुणी तीन. बियांची आंबट द्राक्षं व्यापारी घेईनात आणि मांडव अडतो, असं ज्याचं त्याचं म्हणणं. आमच्याही बागेत एक रोप होतं. ते आमच्या ह्यांनी काढलं तेव्हा मी फाईल बघून त्यांना दुजोरा दिला होता. तात्यांच्या एकरात बाजरी, मेंढ्यांचा वाडा आणि ही एक वेल, एवढीच जागा. मुलगी एकच, ती कळंबला दिलेली, तिच्या घरी ऊस. "माज्या मागं हिला कोन?" एवढं ते म्हणत आणि विषय बदलत.

हे मला लागलं. खरंच लागलं, त्यात खोट नव्हती. मी एका वाईन करणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण मला इंग्रजी येतं हे कंपनीला कळायला नको का. आतून लाल असलेलं, कुठे न मिळणारं देशी द्राक्ष आमच्या गावात आहे, असं सविस्तर कळवलं. उत्तर आलं. त्यांच्या साहेबांना आतून लाल असलेली जात बऱ्याच दिवसांपासून हवी होती. फळ तयार झालं की ते स्वतः बघायला येणार होते, आणि गर खरोखर लाल निघाला तर याच वेलीच्या फांट्यांवरून दोन एकर लावणार होते. मी ते पत्र तात्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग वेलीपाशी जाऊन खुंटावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं डोळे पुसतायत. ते तिला सांगत होते.

ही त्यांची रीत होती. वेलीला कात्री लावायची असो, फांटी बांधायची असो, आधी खुंटावर अंगठा टेकायचा, म्हणायचं, "येऊ का?", आणि एक श्वास थांबायचं. कधीकधी परतही फिरायचे. आज नगं म्हनती, असं आम्हाला सांगायचे. मी शाळेच्या खोलीत हे सांगून मुलांना हसवत असे.

मार्गशीर्षात निरगुडसरला तात्यांच्या मेव्हण्याकडे बिरोबाचा कार्यक्रम निघाला. दोघं नवराबायको मेंढरांसकट आठ दिवस गेले. वेलीला दोन वेळा पाणी सोडायचं काम माझ्यावर. घड नुकते धरले होते, मणी अगदी बारीक. मी खाली उभी राहून वर बघत होते आणि मला साहेब दिसत होते. एवढा मोठा माणूस येणार आणि हे असले करवंदाएवढे मणी बघणार. मुलगी दाखवायची असली की आदल्या दिवशी आपण तिला पावडर-काजळ करतो, तसंच मला वाटलं. आमच्या बागेत त्या आठवड्यात बाया मग घेऊन आलेल्याच होत्या. त्यातल्या तिघींना मी इकडे वळवलं. त्यातली एक म्हणाली, बाई, ही बियांची हाय. मी म्हटलं, मी शिबिर केलंय. तिने मगात पाणी घेतलं.

तात्या आले तेव्हा मीच मोठ्या उत्साहाने सांगायला गेले. औषधाचा खर्च मी केला, तुम्ही काही मनात आणू नका, असंही म्हणाले. तात्या मांडवाखाली जाऊन वर बघत राहिले. घडांचे देठ ताठ, लांबलचक झाले होते. माझ्या पायांकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, "तिला इचारलं व्हतं का?"

मी हसले. मला तो विनोद वाटला.

माघ सरत आला तसे मणी फुगले, छान टपोरे झाले, पण काळे होईनात. तांबूस हिरवे, आजारी माणसाच्या नखांसारखे. तात्या रोज एक मणी तोडून नखाने फोडत आणि मेंढीपुढे टाकत. मी म्हणायची, येईल रंग, ऊन वाढू द्या. रंग आला नाही. साहेब मात्र ठरल्या दिवशी आले.

साहेब दक्षिणेकडचे, मराठी मोडकंतोडकं, म्हणून दुभाषी मी. ठेवणीतली साडी नेसले होते. त्यांनी माझ्या पत्रातल्या इंग्रजीची तारीफ केली आणि मी जमिनीपासून वीतभर वर गेले. तात्यांनी धुतलेलं धोतर, नवं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. काशीवहिनींनी ओटा सारवला होता, साहेबांच्या ड्रायव्हरला तिथेच बसवून पाण्याचा तांब्या दिला होता. साहेबांनी एक घड कापला, खिशातून चाकू काढला आणि मणी मधोमध चिरला. आत हिरवट पांढरं. दुसरा चिरला. तिसरा. दहा-बारा चिरले. कुठे सालीलगत गुलाबी रेघ होती, एवढंच. एक मणी तोंडात टाकला आणि थुंकला.

मग त्यांनी जीएचं पूर्ण नाव घेऊन मला विचारलं, ते दिलंय का. हिंदीत विचारलं, पण औषधाचं नाव इंग्रजी, तात्यांना कळणारं नव्हतं. तात्या माझ्याकडे बघत होते. पायांकडे नाही, तोंडाकडे.

तिथे मी हो म्हणाले असते तर साहेब पुढल्या वर्षी पुन्हा आले असते. जाणत्या माणसाला तेवढं पुरतं. पण त्यांनी नुकतीच माझी तारीफ केली होती, आमचे हे शेजारी उभे होते, आणि शिबिर केलेल्या बाईने बियांच्या वेलीला जीए दिलं हे माझ्याच तोंडाने सांगायचं होतं. मी म्हटलं, "नथिंग सर. प्युअर."

साहेब हसले, तात्यांना नमस्कार केला, साधी जात आहे असं मला इंग्रजीत सांगून गाडीत बसले. गाडी आळेफाट्याच्या रस्त्याला लागल्यावर तात्यांनी विचारलं, काय म्हनलं ते. मी सांगितलं, कळवतो म्हणाले. आणि मघाशी काय इचारलं? खत कोणतं घालता, असं विचारलं. तात्या "बरं" म्हणाले आणि कापलेले मणी गोळा करून मेंढ्यांकडे घेऊन गेले.

त्या साली बरणी भरली, पण ती बोललीच नाही. आंबून शिरका झाला. त्या साली व्यालेल्या मेंढ्यांना आणि बाळंतिणींना काही मिळालं नाही.

खरी करामत पुढच्या वर्षी कळली. ऑक्टोबरात छाटणी झाली, डोळे फुटले, पानं आली, आणि घडांच्या जागी नुसत्या बाळ्या निघाल्या, त्या गुंडाळणाऱ्या हिरव्या तारा असतात ना, तशा. घड जिरणं म्हणतात याला. बियांच्या वेलीला जीए दिलं की पुढल्या सालचं फळ डोळ्यातच जिरतं. हे मी मग पुस्तकात वाचलं. पुस्तक घरातच होतं, आधीपासून.

दोन सालं वेल वांझ राहिली. तिसऱ्या साली घड आले, पुन्हा करवंदाएवढे, पुन्हा लाल गराचे. मी धावत जाऊन कंपनीला पत्र लिहिलं. त्या पत्रातही औषधाचं लिहिलं नाही, यंदा हवामान उत्तम आहे असं लिहिलं. उत्तर आलं की ते साहेब नोकरी सोडून गेले आणि कंपनीने आता परदेशी जाती लावायच्या ठरवल्या आहेत. हे पत्र मी तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं नाही.

मग वर्षं गेली. मी निवृत्त झाले, नातवंडं झाली. आमची बाग निघून तिथे टोमॅटो आले, मग ऊस आला, उसात बिबटे आले. तात्या मोबाईलवर मोठ्याने भजनं लावून मळ्यातून जाऊ लागले. मोबाईलचा त्यांना तेवढाच उपयोग. वेल दर साली फळत होती, बरणी भरत होती, फक्त प्यायला येणारी माणसं कमी होत चालली. बाळंतिणी बाळंतपणाला मंचरला, पुण्याला दवाखान्यात जाऊ लागल्या. माझी सून म्हणाली, आई, डॉक्टरांनी सक्त नाही म्हणून सांगितलंय. तेव्हा मी मेंढीचं उदाहरण दिलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी खुंटाला खोडकिडा लागला. बारीक भोकं, खाली भुसा. तात्या तार घालून किडे काढत, शेणमातीने भोकं बुजवत. एक बाजू वाळली, मग दुसरी. आता फांट्या लावून बघितल्या तर मुळं फुटेनात. लाकडात दम उरला नव्हता, आणि विहिरीचं पाणीही खारट झालं होतं. मी म्हटलं, आपण कलमं करू. सत्तरीला टेकलेली बाई आणि पंच्याऐंशीचा म्हातारा. मी नाशिककडून जंगली खुंटाची रोपं मागवली, कलमं बांधणारा माणूस आणला. त्याने ब्लेड काढलं तेव्हा तात्यांनी त्याला थांबवलं, अंगठा टेकला, विचारलं. तो माणूस माझ्याकडे बघू लागला. मी त्याला म्हटलं, थांब, हो म्हणू दे तिला.

चाळीस कलमं बांधली. अकरांना डोळे फुटले. पंधरा दिवसांत सात वाळली. पावसात दोन कुजली. दोन राहिली, ती मी आमच्या ओट्यावर ठेवून वाटीने पाणी घालायची, बाटलीतलं गोडं पाणी. त्यातलं एक उन्हाळ्यात गेलं. उरलेलं एक चांगलं हातभर वाढलं, सहा पानं आली. आषाढात ते तात्यांच्या मांडवाखाली लावायचं ठरलं. मी ते पिशवीसकट नेऊन खड्ड्यापाशी ठेवलं आणि कुदळ घ्यायला तात्यांच्या मागे दोन पावलं गेले. तेवढ्यात तात्यांच्या शेवटच्या तीन मेंढ्यांपैकी एकीने ते मुळापर्यंत खाल्लं.

तात्या त्या मेंढीकडे बघत होते. मग त्यांना हसू आलं. पोट धरून, दात नसलेल्या तोंडाने ते इतके हसले की वहिनी काय झालं म्हणून बाहेर आल्या. "बाई," ते म्हणाले, "पयला मान तिचाच." आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार. वेलीवर तेव्हा कलमाला घ्यावी अशी एकही फांटी उरलेली नव्हती.

बिया होत्या. त्या मी पेरल्या होत्या, लपून. तीन उगवल्या, मोठ्या झाल्या, एकीला फळही आलं. हिरवं, आंबट, आतून पांढरं. तेव्हा मला कळलं की बियांतून ती पुन्हा येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात खुंट पूर्ण गेला. तात्यांनी तो काढू दिला नाही. मांडवाच्या लोखंडी तारा नुसत्या आभाळावर ताणलेल्या. चैत्रातल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे ताक घेऊन गेले होते. तात्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उघड्या उन्हात बसले होते. मी म्हटलं, आत चला, डोकं तापेल. ते "हां" म्हणाले आणि उठले. मला वाटलं आत जातील. त्यांनी खुर्ची उचलली, चार पावलं पूर्वेला सरकवली, नीट बघून टेकवली आणि पुन्हा बसले. तिथेही ऊनच होतं. मग माझ्या लक्षात आलं, सावली असती तर त्या वेळेला ती तिथे आली असती. मी ताकाचा गडू त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिले, माझी तरी पडते का सावली त्यांच्यावर, म्हणून. दुपारी बारा-साडेबाराला माणसाची सावली कितीशी असते.

मी तात्यांना पाहिलं ते शेवटचं. त्याच आठवड्यात ते गेले, झोपेतच.

महिना झाल्यावर मी काशीवहिनींकडे गेले. त्या ओट्यावर मटकी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगितलं. औषध दिल्याचं त्यांना ठाऊकच होतं. साहेबांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते सांगितलं. इंग्रजी शब्दांसकट सांगितलं. वहिनी खडे वेचत राहिल्या. सूप खाली ठेवलं, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या:

"म्हाईत हाय. सायबाचा डायवर हितंच पानी पीत बसला व्हता, त्यानं तवाच सांगितलं आमास्नी. ह्यांनी तुमाला त्याच दिशी माफ केलं. मी न्हाई केलं. आजून बी न्हाई. पर बाई, त्या रसाची चव जिभंव आसल्याल्या आता आपन दोघीच ऱ्हायलोय. तुमच्याशी बी भांडले तर बोलू कुनाशी? बसा. च्या टाकते."